थोरलीची दोरी

ही गोष्ट कोणाला पटणार नाही, आणि ज्याला पटेल त्याने आधी स्वतःला तपासून घ्यावं. त्या डुकरांच्या फार्मवर साथ शिरली तेव्हा डुकरं अशी खोकायची की शेडचे पत्रे वीतभर वर उचलले जायचे आणि पुन्हा जागच्या जागी बसायचे. डुकरं सांभाळणारे मामा तेवढ्या फटीतून आभाळ बघून घ्यायचे. दुसरं करणार काय? या तापावर औषधच नव्हतं. पाणी पाजायचं, अंग पुसायचं आणि सकाळी कोण उठत नाही ते पाहायचं.

मालकाने सांगून टाकलं होतं, ज्या कप्प्यात या तापाचा विषाणू निघेल तो अख्खा कप्पा मारायला ट्रकमध्ये. मामांचा जीव अडकला होता शेवटच्या कप्प्यातल्या म्हाताऱ्या डुकरिणीत. तिला ते थोरली म्हणत. मामी गेल्यापासून मामा जे काही बोलत ते तिच्याशीच. ती निदान हुंकार तरी द्यायची. मामींनी तेवढंही कधी मनावर घेतलं नव्हतं.

तपासणीला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक कप्प्यात सुती दोरी टांगली. डुकरांना दिसेल ते चघळायची खोडच असते. दोरी चावून ओली झाली की ती पिळायची आणि निघालेली लाळ तपासायला पाठवायची. थोरली सकाळपासून खोकत होती. बाई हात धुवायला वळल्या तशी मामांनी तिची दोरी सोडवून खिशात कोंबली, बाईंच्या पेटीतली कोरी दोरी काढली आणि खांबाआड उभं राहून जबडा दुखेपर्यंत स्वतः चघळून तिच्या जागी टांगली.

निकाल घेऊन बाई आल्या आणि पालथ्या बादलीवर बसल्या. बाकी सगळ्या कप्प्यांत ताप निघाला होता.

"थोरलीच्या दोरीत?" मामांनी विचारलं.

"काहीच नाही. तेच तर कळत नाही."

मग त्यांनी समजावलं. धडधाकट दिसणाऱ्या डुकराच्या अंगातही डुकरांचे म्हणून दोन-चार विषाणू बिऱ्हाड करून असतातच. त्यांनी कितीतरी फार्म पालथे घातले होते, पण इतकं कोरं तोंड कुठे पाहिलं नव्हतं.

मामांची जीभ सुटली. म्हणाले, थोरली जात्याच टापटिपीची. शेजारी कोणी शिंकलं की ती पाठ फिरवते. पिल्लांनी गोणपाटाला नाक पुसल्याशिवाय त्यांना दूध पाजत नाही. पाणीसुद्धा फुंकर मारून पिते. विषाणू दारापर्यंत येतात आणि तिचा चेहरा बघून परत जातात.

बाई ऐकता ऐकता हसल्या. मामांना जरा धीर आला. तेवढ्यात मागे थोरली खोकली, बारीक आणि कोरडं. तो आवाज बुडावा म्हणून मामा आणखी मोठ्याने सांगू लागले, की तिच्या नुसत्या श्वासाने शेजारचे दोन कप्पे बरे होत आले आहेत. बाहेर ट्रक मागे घेतल्याचा आवाज येत होता.

बाईंचं हसू मावळलं.

"मामा, पुरे. ती दोरी तुम्ही चघळलीत."