गुळवणीबाईंची किल्ली

अमृतमहोत्सवी सत्कार आटोपला आणि डॉ. हळबे शाल-श्रीफळासकट इलेक्ट्रॉनच्या नळीत शिरून फिरू लागले. गोल बोगदा, त्यातून फिरणारी मनगटाएवढी नळी. पण ते मावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वडे खाल्ले आणि घरी गेले. नियंत्रण कक्षाच्या खिडकीपाशी एकट्या शरयू गुळवणी राहिल्या.

वळणावर इलेक्ट्रॉन प्रकाश सांडतो, तसे हळबेही सांडू लागले. आधी शाल उजळून गेली, मग चष्मा, मग पदकं. दर फेरीला ते बारीक होत होते आणि खिडकीपुढची खोली आखडत होती.

"गुळवणीबाई, किल्ली काढा! बीम थांबवा!"

बोगद्यात जाणाऱ्यानं खोलीतल्या बोर्डावरची, आपल्या नावाखालची किल्ली काढून बरोबर न्यायची. एकही किल्ली बाहेर असली की बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत, बंद. दुसऱ्याच्या किल्लीला मात्र हात लावायचा नाही. हा दंडक हळब्यांनीच घातलेला.

"माझी बाहेरच आहे, सर. पदराच्या गाठीला. भोकच बुजवलंत ना तुम्ही, लांबी भरून, वर रंग मारून?"

शरयूताईंना सगळं आठवत होतं. तापलेल्या चुंबकांचा वास, थर्मासमधला चहा आणि आपण स्वतः मांडलेलं गणित: प्रकाश दाण्यादाण्यानं सुटतो, प्रत्येक दाणा सुटताना इलेक्ट्रॉनला हिसका देतो, म्हणून बीम एका मर्यादेपलीकडे बारीक होत नाही. "बायकांनी रांगोळीतले ठिपके मोजावेत," हळबे हसले होते. पुढच्या वर्षी तेच गणित हळब्यांच्या नावानं छापून आलं आणि बोर्डावरून शरयूताईंचं नाव गेलं.

"मग दुसऱ्या कुणाची काढा की!"

"दंडक मोडू?"

"अहो, संपेन मी!"

"छे हो. दोऱ्याएवढे झालात की त्याहून बारीक होताच येत नाही. फिरत राहाल. तुमच्याच नावावर आहे की ते."

खोली कपाटाएवढी झाली. शरयूताईंचे गुडघे बोर्डाला टेकले. हळबे दोरा होऊन गेले, दोरा होऊन आले. वळणावर त्यांच्यातून एक दाणा सुटला, खिडकीतून आत आला आणि बोर्डावर चिकटला: श. गुळवणी. त्याखालची लांबी गळून पडली, भोक मोकळं झालं. किल्ली एकदा घालून बोर्डाला ओळख पटवली आणि पुन्हा काढली, की बीम थांबणार.

"बाई," नळीतून आलं, "आता तरी."

शरयूताईंनी पदराची गाठ सोडली. किल्ली लिमलेटच्या गोळीसारखी तोंडात टाकली आणि पुढची फेरी बघायला मान वळवली.