हात पोचला तिथवर

"शिकवायचं कुणाकुणाला, नावं सांगा," बाहेरगावच्या बाईंनी वही उघडली.

साहेबांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग इंजिनिअरचं, मग गाईडचं, मग स्वतःच्या भाच्याचं. तो या संग्रहालयात फक्त चहा प्यायला येतो. मी बादली घेऊन दारात उभी होते. जुन्या इमारती कशा जपायच्या ते बाई शिकवणार होत्या, त्यात माझं काय काम?

समोर भिंतीवर बायकांच्या दोन रांगा रंगवलेल्या. वरची ठसठशीत, खालचीचे चेहरे जवळजवळ उडालेले.

"जमिनीतून ओल चढतेय," इंजिनिअर म्हणाला. "सोमवारी खालचा गिलावा फोडतो आणि औषध भरतो."

खालच्या रांगेतल्या घागरवालीचे डोळे अजून दिसतात. तेही जाणार.

बाईंनी भिंतीजवळ जाऊन उडालेल्या रंगाच्या वरच्या कडेकडे बोट दाखवलं. "ओल अशी अर्धगोल अर्धगोल चढते होय? या भिंतीला रोज हात कुणाचा लागतो?"

"छे! कुणाचाच नाही," साहेब म्हणाले.

एकवीस वर्षं रोज सकाळी ओल्या फडक्याने मीच ती भिंत पुसते. कुणी सांगितलं नव्हतं, मला आवडायचं म्हणून. बादलीतलं पाणी कधीकधी गुलाबी व्हायचं. मला वाटायचं, धूळच तशी असेल. "मावशी, भिंत कशी लख्ख ठेवलीय!" असं हेच साहेब एकदा म्हणाले होते.

घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, सगळं घर माझ्या पगारावर. गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. तरी मी बादली खाली ठेवली.

"ओल नाही बाई. मी आहे."

"मावशी, काहीतरी बडबडू नका!" साहेब ओरडले.

मी भिंतीशी गेले, हात वर ताणला आणि न टेकवता फिरवला. बोटं नेमकी त्या अर्धगोलावरून गेली.

बाईंनी माझं नाव विचारलं.

"कामावरून काढणार का हो?" नाव सांगून मी साहेबांना विचारलं.

"सोमवारी भिंत कुणी फोडणार नाही," त्या म्हणाल्या आणि साहेबांच्या नावाच्या वर माझं नाव लिहिलं. साहेब वहीकडेच बघत राहिले, आणि मला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

मी वर पाहिलं. वरच्या रांगेतल्या बायका छान हसत होत्या. तिथवर माझा हात पोचत नव्हता.