वरच्या वाटेच्या स्ट्रॅगलर

ड्रायबर्नच्या डोंगरावर ‘स्ट्रॅगलर’ हा शब्द माणसाला कुणी लावत नसे. तो मेंढीचा शब्द. हिवाळ्याच्या तोंडावर सगळा कळप डोंगरावरून खाली हाकून आणायचा, आणि त्यातून जी मागं राहिली ती स्ट्रॅगलर. हरवलेली नव्हे, कारण ती साधारण कुठं असणार हे ठाऊक असे. मेलेली तर नव्हेच. आणि हा शब्द कधी एकटा येत नसे, त्याच्या आधी माणसाचं नाव लागे. ज्याच्या वाटेवर ती सापडली, त्याची ती. ‘कॉलिनच्या तीन स्ट्रॅगलर’, ‘रॉयची एक’. स्वयंपाकघरात चहा पिता पिता हे सहज बोललं जाई, आणि ज्याचं नाव निघे तो आपल्या मगात बघत बसे.

अलेक टलकचं नाव तीस वर्षांत चार-पाचदा निघालं असेल. उतारावर पाच माणसं एकाखाली एक अशा पाच वाटांनी आडवी चालत जात आणि मधल्या मेंढ्या पुढं लोटत. सगळ्यांत वरची वाट अलेकची. त्यानं ‘मोकळं आहे’ म्हणून हाक दिली की खालचे पाऊल पुढं टाकत.

यंदा मात्र कळप मेंढवाड्याच्या फाटकातून मोजून आत घेतला तेव्हा एक्केचाळीस कमी भरल्या.

“सोमवारी मागं राहिलेल्या आणायला निघू,” मुख्य मेंढपाळ रॉय डनेट जेवताना म्हणाला. “ज्याच्या वाटेवर विसाच्या वर निघतील, त्यानं ती वाट सोडायची. मग तो कुणीही असो.”

हे म्हणताना रॉयनं कुणाकडे बघितलं ते अलेकला कळलं नाही. टेबलापलीकडचा रॉय त्याला नुसता तपकिरी डाग दिसत होता. मागच्या वर्षी त्या डागाला निदान नाक होतं.

हे एका नेट्टीला ठाऊक होतं. नेट्टी त्याची मुलगी, ड्रायबर्नवरची स्वयंपाकीण. नवरा गेल्यावर आठ महिन्यांच्या पोरीला घेऊन बापाच्या दोन खोल्यांत राहायला आलेली. चहाचा मग ती त्याच्या पुढ्यात ठेवायची नाही, त्याच्या बोटांना टेकवायची. त्यावर दोघांनीही कधी चकार शब्द काढला नव्हता.

शनिवारी उजाडता उजाडता अलेकनं बूट चढवले.

“सशांचे सापळे लावून येतो.”

“सापळे खुंटीला आहेत, बाबा.”

तो काठी चाचपत राहिला. नेट्टीनं पोरीला कडेवर घेतलं, एका हातानं पाव आणि थंड मटण फडक्यात बांधलं.

“आभाळ कसं आहे ते तरी विचारा मला.”

“कसं आहे?”

“वाईट.”

“मग लवकर निघायला हवं,” तो म्हणाला आणि कुत्र्यांना शीळ घातली.

हिशेब त्याच्या मनात साधा होता. सोमवारच्या आत आपल्या मेंढ्या आपणच आणल्या, तर त्याला कोण काय म्हणणार? वरची वाट राहील. ती गेली की मग शहरात भावाकडे, खिडकीपाशी खुर्चीत. भावानं दोनदा लिहिलंही होतं, खुर्ची चांगली आहे म्हणून.

वर आदल्या रात्री बर्फ पडून गेलं होतं, गुडघ्याच्या वर. त्याच्या दृष्टीनं त्यात फारसा फरक पडला नाही. पांढरं आधीही होतं, आताही होतं. तो उभा राहिला आणि ऐकू लागला. वारा समोरून येत होता. टॉस, मेंढ्या दिसल्या की भुंकणारा त्याचा कुत्रा, दोनदा भुंकून गप्प झाला. मग आलं ते: बारीक, कोंडल्यासारखं बें बें. अलेक त्या दिशेनं निघाला. डोंगराच्या कण्यावर हद्दीचं तारेचं कुंपण होतं, पण बर्फानं ते कधीच गिळलं होतं. पायाला तार लागली नाही, म्हणून कुंपण अजून यायचंय असं त्यानं धरलं.

मेंढ्या एका खळग्यात अडकल्या होत्या, एकमेकींना बिलगून. बर्फात मेंढीला हाकून चालत नाही, तिला वाट तुडवून द्यावी लागते. तो दुपार टळेपर्यंत पुढं-मागं चालत राहिला, बर्फ पायांनी दाबत, छाती भात्यासारखी हलत. मग त्यानं एकीला पकडून वाटेवर ठेवलं. कान चाचपला. ड्रायबर्नची खूण म्हणजे कानाच्या टोकाला फाटा. बोटं लाकडासारखी झाली होती. फाटा लागला असं त्याला वाटलं. तो लागायला हवा होता, म्हणून लागला. बाकीच्या एकीमागं एक निघाल्या. अरुंद जागी प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून त्यानं मोजल्या. सदतीस.

संध्याकाळी वाड्याचं फाटक लावलं तेव्हा तो हसत होता. नेट्टीनं त्याचे गोठलेले बूट कापून काढले.

रविवारी सकाळी चुलीपाशी पोरीला मांडीवर घेऊन बसला असताना रॉयची हाक आली. पोर नेट्टीकडे देऊन तो वाड्यात गेला. बाहेर पुन्हा बर्फ पडत होतं.

“किती आणल्यास?”

“सदतीस.”

“एकट्यानं?”

“कुत्री होती की.”

“आणि या कुणाच्या म्हणायच्या?”

“कुणाच्या म्हणजे? माझ्याच स्ट्रॅगलर. चार राहिल्या, त्याही आणतो.”

“इकडे ये,” रॉय म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच भीती वाटली. “हिचा कान धर.”

बोटं आज ऊबदार होती. टोक सरळ निघालं. खालच्या कडेला अर्धा चंद्र कापलेला. अलेकनं दुसरी धरली, तिसरी धरली. सगळे चंद्र. डोंगरापलीकडच्या मॅकहार्गच्या मेंढ्या.

“त्याचा माणूस उद्या येतोय,” रॉय म्हणाला. “मी काय सांगू त्याला? आमच्या म्हाताऱ्यानं कुणाला न सांगता हद्द ओलांडून तुमच्या सदतीस मेंढ्या आमच्या वाड्यात आणल्या? याला काय म्हणतात ते तुला मी सांगायला नको.”

“वाट चुकलो म्हण.”

“तू? त्या कड्यावर? हसेल तो.”

क्षणभर अलेकला चोर होणं सोपं वाटलं. चोराला निदान नजर असते. मागं फाटक वाजलं. पोरीला घेऊन नेट्टी येऊन उभी राहिली होती. ती बोलणार हे त्याला तिच्या श्वासावरून कळलं, म्हणून तो आधी बोलला.

“रॉय, आज तुझ्या अंगावर कोणता कोट आहे?”

“काय?”

“मला सांगता येणार नाही.”

मेंढ्या तेवढ्या चिखलात पाय बदलत होत्या.

“कधीपासून?”

“दोन हिवाळे.”

“दोन हिवाळे,” रॉय म्हणाला. “तू मोकळं आहे म्हणून ओरडलास की मी कड्याच्या काठावर पाय टाकतो, अलेक. कॉलिन टाकतो. त्याला तीन पोरं आहेत.”

“टॉसला कळतं. तो भुंकला की मी—”

“टॉस कुत्रा आहे.”

“मला माहीत होतं,” नेट्टी म्हणाली.

“तुला मी विचारलेलं नाही.”

स्वयंपाकघरात गेल्यावर रॉयनं टोपी काढली नाही. चहाही घेतला नाही.

“आपल्या एक्केचाळीस कुठं असतील?”

“सावलीच्या उतारावर. झऱ्याच्या वर. आत्ता निघालं तर—”

“आत्ता तिथं बर्फ छातीएवढं असेल. मी माणूस पाठवणार नाही.”

“मी जातो.”

“तू कुठंही जात नाहीस. त्या गेल्या, अलेक. आता त्यांना कुणाच्या स्ट्रॅगलर म्हणायचं कारण नाही.”

अलेकनं मान हलवली. पोर नेट्टीच्या खांद्यावर कुरकुरू लागली, ती तिला थोपटत राहिली. रॉयनं खुर्ची ओढली.

“बर्फ वितळलं की मेलेल्यांची लोकर उपटायला जावं लागेल. मीच जाईन. वाट सांगून ठेव.”

“खिंडीतून बाहेर पडलास की डावा हात खडकावर ठेव,” अलेक म्हणाला. “खडक ओला लागेपर्यंत सोडायचा नाही. ओला लागला की सात पावलं वर.”

“मला दिसतं, अलेक.”

“धुक्यात नाही दिसणार,” अलेक म्हणाला. “सात पावलं वर. मग खडी लागते, तिथं काठी आधी टेकायची, मग पाय.”

रॉयनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.