मेहरुन सांगायची ती भुतं

लालासाबांचं पुस्तकं बाइंडिंगचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाला होतं. पानं चिकटवायच्या, मोरचूद घातलेल्या खळीचा वास तिथं बारा महिने असायचा. त्यांची मुलगी मेहरुन्निसा आणि मी, दोघी सातवीत. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर.

त्या वर्षी कॉलेजातल्या एका सरांनी जुनी इंग्रजी भुतांची कॉमिक्स बांधायला आणून टाकली. पन्नासेक तरी असतील. कडा पिवळ्या पडलेल्या, वर सांगाडे, कफन फाडून उठणारी माणसं, विहिरीतनं वर येणारा हिरवा हात. सरांना घाई नव्हती. रविवारी दुपारी लालासाब जेवून आडवे झाले की आम्ही पुठ्ठ्यांच्या थप्पीमागं बसून ती बघायचो. बघायचोच फक्त, कारण इंग्रजी दोघींनाही येत नव्हतं. गोष्ट मेहरुन सांगायची.

"ही बाई कागलची सून हाय," चित्रावर बोट ठेवून ती म्हणायची. "सासूनं हिरीत ढकललीया. आता बघ, सासू पाणी काढाय आली की..."

"पान उलटू नगंस!"

"उलटतो की! भ्यालीस व्हय?"

मी भ्यायचेच. तिचा दंड धरून बसायचे आणि थोड्या वेळानं दोघी तिचीच ओढणी तोंडात कोंबून हसायचो. काळ्या टोपीतला साहेब तिच्या तोंडी गडमुडशिंगी गावचा पाटील व्हायचा, आणि त्याच्या मागं लागलेलं भूत अस्सल कोल्हापुरी शिव्या द्यायचं. पुढं मी इंग्रजी शिकले, शिक्षिका झाले, पुष्कळ वाचलं. तसं सुख पुन्हा मिळालं नाही.

तिची अट एकच होती. पुस्तक दुकानाबाहेर न्यायचं नाही. "लोकांची चीज हाय ती. अब्बा चामडी सोलंल माझी."

मी नेलं. हिरव्या हाताचं पुस्तक मला एकटीला, पोटभर बघायचं होतं. मेहरुन पाणी आणायला आत गेली तेव्हा ते परकराखाली खोचलं आणि घरी आणून गादीखाली ठेवलं.

आम्ही जैन, आणि पर्युषणाचे दिवस होते. घर झाडून काढताना ते माझ्या आईच्या, अव्वाच्या हाताला लागलं. तिनं ते आण्णांपुढं टाकलं. आण्णा, म्हणजे माझे वडील बाबासो, शाळेच्या कमिटीवर होते, गल्लीत त्यांचा शब्द चालायचा. पानापानावरचं रक्त बघून त्यांचा चेहरा लाल झाला.

"व्रताच्या दिवसांत हे घरात? कुणी दिलं?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मेहरुननं. मी नगं म्हटलं तरी दिलं."

दंडाला धरून त्यांनी मला दुकानापुढं नेलं. रस्त्यावर उभं राहून पुस्तकाचे चार तुकडे केले आणि लालासाबांच्या पायाशी फेकले.

लालासाब खाली वाकले. त्यांनी तुकडे गोळा केले आणि मेहरुनला हाक मारली. "तू दिलंस?"

मेहरुननं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"व्हय," ती म्हणाली.

लालासाबांनी तिला आमच्यासमोर मारलं. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद झाली. सरांनी उरलेली कॉमिक्स न बांधताच परत नेली. मी शाळेला मागच्या बोळानं जाऊ लागले. सोळाव्या वर्षी तिचं लग्न होऊन ती कागलला गेली, हे मला नंतर कळलं.

तिच्या लग्नानंतर बारा वर्षांनी माझी बदली कागलच्या शाळेत झाली. महिनाभर धीर होईना. मग पत्ता काढून गेले. मेहरुन शिलाई मशीनवर बसली होती. तिनं ओळखलं, चहा ठेवला. मी थेट विचारलं, "त्या दिवशी व्हय का म्हणालीस? माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी?" तिनं मान वर केली. "एवढी वर्षं असं वाटत हुतं व्हय तुला? न्हाय म्हटलं असतं तर अब्बाला तुझ्या बापाच्या तोंडावर तुला खोटी पाडाय लागली असती. शाळेचं समदं बाइंडिंग तुझ्या बापाच्या हातात. त्याच्यावर आमची चूल पेटायची. मला कळत हुतं, तुला न्हवतं. एवढंच."

"मी चुकले, मेहरुन."

"चुकली न्हाईस. खोटं बोललीस."

आवाज चढला नव्हता. धागा दातानं तोडून तिनं पुढचं कापड घेतलं. मी चहा संपवला. माझ्या घरचं, नोकरीचं तिनं काही विचारलं नाही.

मी उठले तशी ती दारापर्यंत आली. "परत येऊ नगंस. पोरीनं दुकानातली चीज चोरून दिली, म्हणून शाळेतनं काढली, असं हितं कुणीतरी सांगितलं हुतं. सासूनं दहा वर्षं कपाटाला कुलूप लावलं माझ्यापायी. आत्ता कुठं इसरत्याती. तुला बघून पुन्यांदा इचारतील."

"मी सांगते की त्यांना खरं काय ते!"

"आता?" ती म्हणाली.

मी चपला घातल्या. मी ओटा उतरायच्या आत तिनं दार लावून घेतलं.