बेलफास्टनं मारलेली हाक

सकाळच्या फिकट, ताकासारख्या उजेडात दोन टाळ्या वाजायच्या. कोरड्या, नेमक्या, मधे एका श्वासाचं अंतर राखून वाजलेल्या. डब्लिनच्या सँडीफोर्ड भागातल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात त्या टाळ्यांचा अर्थ होता, ‘उठा, चहा झाला’. खाली लुआसची ट्राम रेशमी सळसळ करत निघून जाई, दूर डोंगराच्या उतरणीवर गॉर्सच्या काटेरी झुडपांची पिवळी फुलं धुक्याआडून डोळे किलकिले करत, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी माझी मालूआत्या उभी असे. पाठ ताठ, पावलं किंचित फाकलेली, जणू समोर अजूनही मुलींची रांग आहे आणि तिला ‘सावधान’ म्हणायचं तेवढं बाकी आहे. ते म्हणायला तिच्यापाशी आवाज मात्र उरला नव्हता.

ज्यांनी तिला पूर्वी ऐकलं आहे, त्यांना हे वाक्य खरं वाटणार नाही. खडकीच्या एका मुलींच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका होती, आणि हॉकी हा तिच्या लेखी खेळ नव्हता, उपासना होती. कॉलेजच्या वर्षांत मी तिच्याकडे राहिलो, कारण आईबाबा नागपूरला होते. संध्याकाळी मैदानाच्या कडेनं सायकलवरून येताना आधी तिचा आवाज माझ्यापर्यंत पोचे, मग धूळ, आणि सगळ्यांत शेवटी ती स्वतः दिसे. ‘वाक! अजून वाक! चेंडू काय तुझ्या डोळ्यांपर्यंत उडी मारणारे का?’ त्या आवाजात करवतीची धार होती आणि उन्हात वाळवलेल्या गोधडीची ऊबही होती. मुली त्याला घाबरत आणि लग्न होऊन दूर गेल्यावर त्याच आवाजासाठी तिला फोन करत.

मागच्या पावसाळ्यानंतर तिच्या गळ्याची, थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली. गाठ निरुपद्रवी निघाली, जीव वाचला, आम्ही देवाचे आभार मानले. आणि शुद्धीवर आल्यावर आत्यानं पाणी मागण्यासाठी तोंड उघडलं, तर आतून फक्त हवा आली. आवाजाच्या नसेला धक्का बसतो कधीकधी, असं डॉक्टरांनी समजावलं. परत येईल, बहुधा येईल, पण किती दिवसांनी आणि किती येईल हे कुणाला सांगता येणार नव्हतं. माझी बायको केतकी इथल्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे. तिनं सगळे कागद पाहिले आणि तीही तेच म्हणाली, ‘वाट बघायची.’ मग आम्ही आत्याला म्हटलं, वाट बघायचीच आहे तर आयर्लंडमध्ये बघ.

ती आली आणि घरात एक विलक्षण शांतता नांदू लागली. ती उदास नव्हती. आत्याला उदास बसणं जमतच नसे. ती खुणा करी, कुजबुजे, चमचा वाजवी, भुवयांनी प्रश्न विचारी आणि हनुवटीनं उत्तर देई. आमची सात वर्षांची इरा, जिला मराठी सगळं कळतं पण जी उत्तर देते ते पक्क्या आयरिश हेलाच्या इंग्रजीत, ती तर आत्याआजीवर खूश होती, कारण दोघींमधला भाषेचा प्रश्नच मिटला होता. पण मला आतून एक भीती कुरतडत होती. आत्याचा तो जुना आवाज मी कुठं ध्वनिमुद्रित केलेला नव्हता. लुआसमध्ये बसल्या बसल्या मी तो आठवून पाहायचा प्रयत्न करी. शब्द आठवत, त्यांची धार आठवे, पण नाद हाताला लागत नसे. ओल्या वाळूतली रेघ दर लाटेगणिक पुसट व्हावी तसा तो माझ्या कानांतून पुसट होत चालला होता, आणि तो पूर्ण पुसला गेला तर जगात तो उरणार तरी कुठे, हा विचार मनातून जात नसे.

फेब्रुवारी सरत आला होता, दिवस चोरपावलांनी लांबत होता. ग्रँड कॅनाल डॉकच्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर एके दिवशी वाद पेटला: पैसे मोजून पाहिल्या जाणाऱ्या हॉकीचे, म्हणजे बर्फावरच्या हॉकीचे, सगळ्यांत वेडे चाहते कुठल्या शहरात आहेत? मॉन्ट्रियलहून आलेला मार्क म्हणाला, हा काय प्रश्न झाला, आमच्याकडे बाळ आधी बर्फावर उभं राहतं आणि मग जमिनीवर. कॉनर हा मूळ बेलफास्टचा. तो शांतपणे सँडविच खात राहिला आणि शेवटी म्हणाला, ‘तुमच्याकडे बर्फ फुकट पडतो. आमच्या शहरात तो मुद्दाम गोठवावा लागतो. प्रेम कुणाचं मोठं, तूच ठरव.’

संध्याकाळी जेवताना मी हा वाद घरी रंगवून सांगितला. आत्यानं घास खाली ठेवला, भांड्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि टेबलावर ओल्या अक्षरांत लिहिलं: खडकी. केतकी हसली, इरा हसली. मी म्हटलं, ‘आत्या, अगं व्यावसायिक हॉकीबद्दल चाललंय. आणि बर्फावरच्या.’ तिनं हात असा झटकला, की जणू बर्फ, पैसा आणि मॉन्ट्रियल तिन्ही एकदम मैदानाबाहेर गेले.

कॉनरला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘मग आण तिला बेलफास्टला. रविवारी दुपारी सामना आहे.’ आत्याच्या व्हिसावर सीमेपलीकडे, ब्रिटनच्या अखत्यारीतल्या उत्तर आयर्लंडमध्ये जायची मुभा होती. त्या रविवारी केतकीची ड्यूटी होती आणि इराला एका वाढदिवसाला जायचं होतं. म्हणून आत्या आणि मी, दोघंच निघालो. डब्लिन सोडल्यावर गाडी मालाहाइडच्या खाडीवरून जाते, तिथं पाणी रुळांच्या दोन्ही बाजूंनी इतकं जवळ येतं की आपण होडीतच बसलोय असं वाटावं. आत्या काचेला कपाळ टेकून बसली होती. तिच्या सुती साडीवर माझा जाड निळा कोट, पायांत खेळाचे बूट. हात मात्र मांडीवर एकमेकांत गुंफलेले, परीक्षेच्या निकालाची वाट बघत बसलेल्या मुलीसारखे.

बेलफास्टला लागान नदीच्या काठावर, जहाजबांधणीच्या दोन अजस्र पिवळ्या क्रेन आकाश धरून उभ्या असतात, त्यांच्या दिशेनं माणसांचा एक प्रवाह वाहत चालला होता. आजोबा, नाती, कडेवरची बाळं, गळ्यात एकाच रंगाचे मफलर. कॉनर दारातच भेटला. ‘एक नियम आहे,’ तो म्हणाला, ‘इथं फुटबॉलचे शर्ट घालून यायचं नाही. फुटबॉलच्या शर्टावरून या गावात माणसाचं चर्च कळतं, कॅथलिक की प्रॉटेस्टंट. इथं कुणी ते विचारत नाही.’ आत्यानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. खडकीच्या तिच्या संघात कोण कुणाच्या घरचं पाणी पीत नसे आणि मैदानावर एकाच बाटलीला तोंड लावत असे, हे ती त्याला सांगू शकली असती तर तिनं सांगितलं असतं.

आत शिरताच थंडीचा एक स्वच्छ, धातूसारखा वास आला. दिव्यांखाली बर्फ पसरलेला होता; आत्या त्याच्याकडे, नव्यानं सारवलेल्या अंगणाकडे बघावं तशी बघत राहिली. मग खेळ सुरू झाला, रबराची काळी चकती विजेसारखी धावू लागली, काठ्यांवर काठ्या आदळल्या, आणि माझी आत्या खुर्चीच्या कडेला सरकली. तिचा उजवा हात हवेतच काठी पेलू लागला. ओठ हलत होते. ती ओरडत होती, सर्वस्व पणाला लावून ओरडत होती, आणि तिच्या अगदी शेजारी बसलेल्या मलाही काही ऐकू येत नव्हतं. मी मान वळवून घेतली. तिला इथं आणून मी चूक केली की काय, असं तेव्हा वाटून गेलं.

मध्यंतरात कोट खुर्चीवर ठेवून ती स्वच्छतागृहात गेली. साडीला खिसा नाही, म्हणून तिचा फोन माझ्याजवळ होता. मी दाराबाहेर उभा राहिलो. बायकांच्या रांगा आत जात होत्या, बाहेर येत होत्या. वेळ जात राहिला आणि आत्या आली नाही. शेवटी एका बाईंना विनंती केली, त्या आत डोकावून आल्या. ‘आत कुणी नाही, लव्ह. पलीकडेही एक दार आहे.’

मी त्या पलीकडच्या दारापाशी गेलो. गोल फिरणारा लांबच लांब व्हरांडा, हजारो माणसं, सगळ्यांच्या गळ्यात सारखेच मफलर. हरवलेलं माणूस हाक मारतं. माझ्या माणसाला हाकच नव्हती. मी धावू लागलो. कर्मचाऱ्याला गाठलं, त्यानं धीर दिला, ‘शी’ल बी ग्रँड, कसली होती साडी?’ आणि मला रंग आठवेना. मी सकाळपासून तिच्यासोबत होतो आणि मला तिच्या साडीचा रंग आठवत नव्हता. कॉनर एका बाजूनं गेला, मी दुसऱ्या. परक्या देशात, परक्या गर्दीत, भिंतीला धरून उभी असलेली आत्या माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येत होती.

तेवढ्यात आत कुठंतरी ढोल वाजला. दोन ठोके. मग पुन्हा दोन ठोके, आणि त्यांवर काही गळे. मग आणखी गळे. कुठल्या खेळाडूचं नाव असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण तो घोष वाढत गेला, पायऱ्यांवरून उतरत, भिंतींवर आपटत व्हरांड्यात आला आणि मी जागच्या जागी थबकलो.

‘नि-कल! नि-कल!’

पुण्यात कुणी असं ओरडलं असतं तर मी निमूट चालू लागलो असतो. इथं मात्र ते माझं नाव होतं. बेलफास्टच्या जिभेवर वळसा घेतलेलं, ढोलाच्या तालावर बसवलेलं माझं नाव, निखिल. संबंध एक बाजू उभी राहून मला हाक मारत होती.

मी आत धावलो. काचेच्या अगदी लगतच्या रांगेत, रंगवलेल्या चेहऱ्यांच्या आणि ढोलांच्या मधोमध, गळ्यात कुणाचा तरी मफलर घालून माझी आत्या उभी होती आणि दोन्ही हातांनी ताल देत होती. (साडी राखाडी होती, लाल काठांची.) चुकीच्या दारानं बाहेर पडून ती इकडे आली होती. बिली नावाच्या दाढीवाल्या ढोलकऱ्यानं तिला एकटीला पाहिलं, काय हवंय विचारलं, तिनं गळ्यावरचा व्रण दाखवला. त्यानं क्षणभर विचार केला, आपला पंजा पुढे धरला आणि हातात पेन दिलं. त्या पंजावर तिनं माझं नाव लिहिलं. ‘तिला ओरडता येत नाही,’ बिली शेजारच्या शेमसला म्हणाला, ‘आपल्याला तर दुसरं काही येतच नाही.’

मला पाहताच तिनं टाळ्या थांबवल्या. मला वाटलं, ती रडेल. तिनं माझ्या खांद्यावर सणसणीत चापट मारली आणि बर्फाकडे बोट दाखवलं: बस खाली, खेळ सुरू होतोय. रडलो मीच. बिलीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हातावर माझं नाव अजून ओलं होतं. मागून पोचलेला कॉनर हळूच म्हणाला, ‘एक प्रॉटेस्टंट नाव, एक कॅथलिक. या बिलीचे आणि शेमसचे आजोबा एकाच रस्त्यावरून कधी चालले नसते.’

त्या दिवशी यजमान हरले. शेवटचा भोंगा वाजल्यावर कुणी उठून गेलं नाही. हरलेल्या मुलांसाठी ती सगळी बाजू गात राहिली, आणि आत्या त्यांच्यात उभी होती, तोंड उघडं, डोळे पाणावलेले, न उमटणाऱ्या आवाजात सूर मिसळत. तिचा आवाज तिथं नव्हता हे त्या गजरात कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. परतीच्या गाडीत मी विचारलं, ‘मग आत्या, कुठलं शहर?’ तिनं मला वाकायला सांगितलं आणि कानाशी कुजबुजली, ‘खडकीच. पण हे गाव खडकीच्या शेजारी हवं होतं.’

एप्रिलमध्ये ती परत गेली. जूनमधल्या एका लख्ख संध्याकाळी, सूर्य मावळायचं नावच घेत नव्हता तेव्हा, तिचा फोन आला. एरवी ती व्हिडिओ कॉल करी, खुणांसाठी; या वेळी नुसताच साधा फोन. मी उचलला. पलीकडे खरखर झाली, ओल्या फळ्यावर खडू ओढल्यासारखी, आणि त्यातून शब्द फुटले, ‘काय रे निख्या, जेवलास का?’

मी ‘केतकी!’ म्हणून ओरडलो. केतकी स्वयंपाकघरातून धावत आली, मी फोन तिच्या कानाला लावला, तिनं डोळे मिटले आणि ती नुसतं ‘आत्या, आत्या’ म्हणत राहिली. मग इरा ‘हू इज इट?’ करत आली आणि पलीकडून त्या चिरक्या, भेगाळलेल्या आवाजात तिला पहिली ताकीद मिळाली, ‘मराठीत विचार!’

तो जुना आवाज नाही. हा खालच्या पट्टीत बोलतो, मधेच अडखळतो, लवकर दमतो, आणि मैदानाच्या पार जाण्याइतका तो आता बहुधा कधीच होणार नाही. पण मी तो जुना नाद आठवून पाहणं सोडून दिलं आहे, आणि ते केव्हा सोडलं हेही मला कळलं नाही. दूरच्या माणसाची वाट पाहताना स्मृती बिचारी रात्रंदिवस राखण करत बसते, काळाला काही नेऊ देत नाही. आणि एखाद्या संध्याकाळी ते माणूस स्वतःच्या तोंडानं ‘जेवलास का’ म्हणून विचारतं, तेव्हा ती निःशंकपणे विसरू लागते, आणि ते विसरणं किती सुखाचं असतं.