माझ्या पाठीवर उकळती किटली

मित्रांनो, या, आत या! डोके सांभाळा, या केबिनचे दार बुटके आहे. आणि मला हात लावण्याआधी आपले हात पुसून घ्या. का, ते पुढे कळेलच. परीक्षा होऊन आठ दिवस झाले, तरी माझा आनंद अजून माझ्यात मावत नाही!

मी आहे एक जुनी सागवानी फळी. एका म्हाताऱ्या नौकेच्या केबिनमध्ये भिंतीला बिजागऱ्यांनी जोडलेली. उचलून कडीला अडकवली की मी भिंत होते, खाली सोडली की टेबल. ही नौका माणसांना या काठावरून त्या काठावर नेते. माझ्यावर तीन पिढ्या जेवल्या, पत्ते कुटले गेले, आणि एकदा तर एका बाईचे रडणारे तान्हे बाळ माझ्यावर निजून पलीकडच्या काठाला पोचले.

मला घडवले ते आजोबांनी, म्हणजे नौकेच्या पहिल्या मालकांनी. त्यांनी माझ्यावर लाखेचे पॉलिश चढवले. कापसाचा बोळा सुती फडक्यात बांधून पंधरा दिवस गोल गोल हात फिरवला. मी अशी झळकले की आजोबा माझ्यात बघून मिशा विंचरत! मग एके दिवशी गप्पांच्या नादात त्यांनी उकळती किटली सरळ माझ्या पाठीवर ठेवली. उचलली तर खाली पांढरे कडे! लाखेला एवढी आच सोसत नाही. आजी म्हणाली, "घ्या! बघा आता त्यात मिशा."

आजोबा हसले, पण मनाला लावून घेतले. तेव्हापासून या घरात रीत पडली. ज्याला नौका हवी, त्याने फळी आपल्या हाताने नव्यासारखी करायची आणि त्यावर उकळती किटली ठेवून दाखवायची. डाग पडला तर नौका मिळणार नाही.

त्यांच्या मुलाने, म्हणजे बाबांनी, लाख खरवडून मला जवसाचे तेल पाजले. किटलीचा डाग पडला नाही. नौका बाबांची झाली. पण मित्रांनो, तेल दरवर्षी पुन्हा लावावे लागते. पहिली काही वर्षे बाबांनी लावले. मग त्यांचे गुडघे धरले, नौका महिनोन् महिने काठाच्या चिखलात बंद पडून राहू लागली. कोंदट हवेत माझे तेल काळवंडले, वर बुरशी चढली. मी वासाने ओळखली जाऊ लागले. सागाच्या लेकीला याहून मोठी लाज कोणती?

दोन महिन्यांपूर्वी बाबांनी सांगून टाकले, "यंदाच्या मोठ्या भरतीपर्यंत कोणी नौका घेतली तर घेतली. नाहीतर जुनी इंजिनं विकत घेणारा तो इंजिनवाला येतोय. इंजिन काढून नेईल, लाकूड जळणाला."

जळणाला! माझ्या बिजागऱ्यासुद्धा थरथरल्या.

तेव्हा उभी राहिली त्यांची थोरली मुलगी. ती गावात बस चालवते. म्हणाली, "बाबा, मी घेते."

"बसला रस्ता असतो, पोरी. इथे पाण्याला वळणं नसतात. आधी फळी करून दाखव."

"दाखवते की!"

आणि काय सांगू, इतक्या वर्षांनी कोणीतरी मला हात लावला! थोरलीने घाई केली नाही. तिने मला बिजागऱ्यांवरून उतरवले आणि माझ्या पोटाकडच्या बाजूला, जी कोणाला दिसत नाही, तीन चौकोन आखले. एकावर तेल, एकावर लाख, एकावर व्हार्निश. वाळल्यावर तिन्हींवर ओले फडके दिवसभर ठेवले, मग गरम वाटी. तेल काळपट झाले. लाख पांढरी पडली. व्हार्निश मात्र हसत राहिले. ठरले! खालचे हात, म्हणजे थर, चकचकीत व्हार्निशचे, कारण ते टणक असते; शेवटचा हात मंद चमकीचा, म्हणजे लहानशा केबिनमध्ये उजेड डोळ्यांत खुपत नाही.

तिने पॉलिशपेपरने माझी पाठ घासली, काळे तेल थिनरने पुसले, डबा न हलवता हळूच ढवळला आणि लाकडाच्या रेषेने ब्रश ओढला. मी श्वास रोखून बघत होते. आणि पाच मिनिटांत माझ्या पाठीवर शेकडो डोळे उघडले! व्हार्निश जागोजागी मागे सरले आणि मध्ये गोल गोल खड्डे पडले, अगदी माशाचे डोळे. थोरलीने सगळे घासून काढले. पुन्हा लावले. पुन्हा डोळे!

बाबा काठी टेकत आले. बघून म्हणाले, "हात स्वच्छ नाही तुझा."

"बाबा, डबाच खराब असेल."

"नाचता येईना अंगण वाकडं! राहू दे. मी इंजिनवाल्याला निरोप धाडतो."

थोरलीचा चेहरा उतरला. ती मला उलटी करून माझ्या पोटाकडे बघत बसली. तिथे तोच डबा, तोच ब्रश, आणि एकही डोळा नाही.

"खाली बसतं, वर बसत नाही," ती पुटपुटली. "वर काय आहे, जे खाली नाही?"

मला माहीत होते! मी ओरडून सांगितले असते, पण फळीला तोंड कुठले?

तेवढ्यात आत्या आली, बाबांची धाकटी बहीण. पिशवीत डबा, डब्यात जेवण आणि शेजारी लाकूड चमकवायच्या फवाऱ्याची एक बाटली. "अगं, तो माणूस बघायला येणार ना? जरा फवारा मारून चमकवते. मी नेहमीच मारते की."

थोरलीने वर पाहिले. "नेहमी म्हणजे?"

"पाहुणे यायचे त्याच्या आधी. तो वास... मला लाज वाटायची."

थोरली उठली. तिने लाकडाचा एक कोरा तुकडा घेतला, अर्ध्यावर फवारा मारला, पुसला आणि सगळ्यावर व्हार्निश ओढले. कोरा अर्धा गुळगुळीत. उरलेल्या अर्ध्यात डोळेच डोळे! असली झटपट चमक लाकडात मुरून बसते आणि पुढे व्हार्निशला जवळ येऊ देत नाही.

आत्याने बाटली खाली ठेवली. बाबा बाहेर होते. त्यांनी काही पाहिले नव्हते. आत्या गप्प राहिली असती तर कोणाला कळलेही नसते, थोरली तिचे नाव घेणारी नव्हती. पण आत्या दारातून डोके काढून मोठ्याने म्हणाली, "दादा! पोरीच्या हाताला नावं ठेवू नकोस. डोळे माझे आहेत. सहा वर्षं मी तुला चोरून फवारा मारलाय."

बाबा काठी टेकत दाराशी आले. मग म्हणाले, "तरीच म्हटलं, बुरशीला अत्तराचा वास कसा!"

आणि तिघेही हसले. माझा जीव भांड्यात पडला.

मग जी गडबड उडाली! थिनरने पुसणे, दर पुसणीला नवे फडके, कारण जुन्याने तेच पुन्हा पसरते. फडकी आत्यानेच फाडली, आपल्या जुन्या चादरीची. एवढ्यानेही भागेना, तेव्हा बाबा हळूच बोलले, "आजोबांची लाख चढव. मेण काढलेली, पातळ, एकच हात. खालचं खाली कोंडून टाकेल."

"पण किटली, बाबा? लाखेला आच सोसत नाही."

"वर तुझं व्हार्निश आहे ना? मग दाखव त्याची धमक."

लाख चढली. त्यावर व्हार्निशचे पाच हात, दोन हातांच्या मध्ये हलकी घासणी. मग दहा दिवस मला कोणी स्पर्शही केला नाही. कडक व्हायला वेळ द्यावा लागतो.

भरतीच्या दिवशी सकाळी मी पुन्हा बिजागऱ्यांवर चढले. बाबांनी स्वतः किटली आणली. आतले पाणी खदखदत होते. ती माझ्या पाठीवर टेकली आणि आच एकेक हात उतरत खाली येऊ लागली. खाली आजोबांची लाख होती! मी मनात म्हटले, धर गं, धर.

बाबांनी दुसऱ्या भांड्यात तीन कप चहा केला, तिघांनी पिऊन संपवला, तेव्हा कुठे किटली उचलली.

काही नाही! कडे नाही, डाग नाही! बाबांनी नाक टेकवून पाहिले, अंगठा फिरवला, आणि कोपऱ्यात थांबले. तिथे एक डोळा राहिला होता, तिळाएवढा.

"हा काय?"

"तो माझा," आत्या म्हणाली. "घासून काढू का?"

"राहू दे. नाहीतर विसरशील." असे म्हणून बाबांनी खिशातून इंजिनची किल्ली काढली आणि थोरलीपुढे माझ्यावर ठेवली.

"दादा, ओरखडा पडेल! खाली फडकं घाल!" आत्या ओरडली. आणि बाहेर भरतीच्या पाण्याने नौका उचलली.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला जे लावाल ते मी विसरत नाही, पण सांगूही शकत नाही. म्हणून तुमच्या घरातली जुनी वस्तू सजवायला घ्याल, तेव्हा आधी विचारा, हिला आजवर कोणी काय लावले. आणि तुम्हीच काही लावले असेल, तर दारातून डोके काढून मोठ्याने सांगा.

पुसलेत ना हात? मग ठेवा माझ्यावर. त्या कोपऱ्यातला डोळा सापडतो का बघा!