पाणी खोल आहे

मी एक जुनी पाटी आहे. मित्रांनो, पुण्यातल्या एका शंभर वर्षांच्या बागेत, कमळांच्या तळ्याकाठी मी उभी आहे. तुम्ही मला पाहिले असेल. वाचले असेल, असे मात्र मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

माझा जन्म कसबा पेठेतला. वैजनाथ पेंटरांनी लोखंडी पत्र्याला पांढरा रंग दिला आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिले : 'तळ्यात उतरू नये. पाणी खोल आहे.' त्यातला 'खोल' तेवढा लाल. रंग वाळेपर्यंत त्यांनी कुणाला जवळ फिरकू दिले नाही.

सुरुवातीला लोक मला वाचत. सहलीला आलेल्या शाळेच्या बाई मुलांना रांगेत उभे करून माझे शब्द मोठ्याने म्हणून घेत. बागेत माळीकाम करणाऱ्या हिराबाई दर सोमवारी मला ओल्या फडक्याने पुसत. तेव्हा मी चकाकत असे.

मग एके दिवशी माझ्यावर पहिला कागद चिकटला : 'खोली भाड्याने देणे आहे.' दुसऱ्या दिवशी इंग्रजी संभाषण आले, तिसऱ्या दिवशी केसगळतीवर हमखास इलाज. हिराबाई एक कागद काढीत, तोवर दोन नवे लागत. पुढे त्यांची बदली बागेच्या दुसऱ्या टोकाला, रोपवाटिकेत झाली. मग काय, रान मोकळेच! माझे दोनच शब्द उरले : 'तळ्यात' आणि 'आहे'. तळ्यात काय आहे, ते ज्याचे त्याने शोधावे!

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी अनिरुद्ध आणि नम्रता हे नवरा-बायको बागेत आले. अनिरुद्धला कमळाजवळ उभे राहून फोटो काढून हवा होता.

"अरे, नको. पाणी खोल असेल," नम्रता म्हणाली.

"गुडघाभर असेल गं. खोल असतं तर बोर्ड लावला असता ना!"

असे म्हणून त्याने माझ्याच खांबाला धरून बूट काढले. मित्रांनो, तेव्हा मला काय वाटले असेल! ओरडायला तोंड नाही आणि होते ते शब्द कागदांखाली.

दोन पावले तो नीट गेला. तिसऱ्या पावलाला दिसेनासा झाला. नम्रताची किंकाळी ऐकून हिराबाई रोपवाटिकेतून धावत आल्या. झाडांना पाणी घालायच्या नळीचे वेटोळे त्यांच्या खांद्यावरच होते. नळीचे एक टोक त्यांनी तळ्यात फेकले, ते अनिरुद्धच्या हाती लागले. रखवालदार सुदर्शन मदतीला धावला आणि दोघांनी मिळून त्याला ओढून काढले. बराच वेळ तो काठावर पाणी ओकत बसला होता.

चार दिवसांनी त्याच्या तक्रारीवरून एक साहेब चौकशीला आले. अनिरुद्धही होता.

"इथे पाटीच नाही," तो म्हणाला.

साहेबांनी वहीत लिहिले : पाटी नाही. मग सुदर्शनला म्हणाले, "एक फ्लेक्स मागवतो. तो ठोका या जाहिरातींवर."

हिराबाई बादली घेऊन उभ्याच होत्या. "साहेब, जरा थांबता का? पाटी आहे."

"कुठे?"

"आपल्या नाकासमोर."

त्यांनी कागद भिजवले आणि खुरप्याने खरवडायला लागल्या. आधी केस गेले, मग इंग्रजी, मग खोली. खाली लाल 'खोल' दिसू लागला तसा अनिरुद्ध पांढराफटक पडला. काही वेळाने त्याने अस्तन्या वर केल्या. "काकू, द्या इकडे," म्हणाला आणि उरलेले कागद त्याने नखांनी काढले. साहेबांनी वहीतली ओळ खोडली. फ्लेक्स आला नाही.

सगळे निस्तरले, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. आठच दिवसांत खळीचा डबा घेऊन एक गृहस्थ आले आणि कागद नीट सरळ लागतोय ना, हे चार पावले मागे जाऊन पाहू लागले. समोर तळे, पाठीशी ऐसपैस भिंत, तरी त्यांना मीच सापडले!

मित्रांनो, आता मी कंटाळले आहे. तुम्ही मला वाचत नाही, याची मला सवय झाली. नका वाचू. पण तुमच्या मागून येणाऱ्याला तरी वाचू द्या.